रस्त्याचं बँकिंग, नदीची बँक, पैशाची बँक... शब्द एकच का वेगवेगळे?

हळदपेठ_सांगली:
नमस्कार मंडळी. मुलगी यंदा बारावी सायन्सला आहे, फिजिक्सला रोटेशनल डायनॅमिक्स चालू आहे आणि त्यात बँकिंग ऑफ रोड्स येतं. परवा जेवताना म्हणाली, पप्पा वळणावर रस्त्याची बाहेरची कड उचललेली असते त्याला बँकिंग म्हणतात, पण बँकेचा आणि रस्त्याच्या उताराचा संबंध काय? आणि इंग्रजीत नदीकाठाला पण बँकच म्हणतात की. मी आपला अडतीवर बसणारा माणूस, मला काय सांगता येईना. सरांना विचार म्हणालो तर सर म्हणाले पाठ कर, परीक्षेत एवढं विचारत नाहीत. पण पोरगी ऐकंना, आणि आता मलाही चैन पडंना. कुणाला माहीत असेल तर जरा इस्कटून सांगा.

कृष्णाकाठ:
दादा, पोरीनं लई चांगला प्रश्न काढलाय, तिला शाबासकी द्या आधी. मी तीस वर्षं इंग्रजी शिकवलं, त्यामुळं जरा लांबण लागंल.

नदीची बँक आणि पैशाची बँक हे इंग्रजीत दोन वेगळ्या वाटांनी आलेले शब्द आहेत. नदीचा जो आहे तो उत्तरेकडच्या म्हणजे डेन्मार्क-नॉर्वेकडच्या लोकांच्या भाषेतनं आला असं मानतात, अर्थ टेकाड, बांध, उंचवटा. नदीचा काठ म्हणजे पाण्याकडं उतरत गेलेला उंचवटाच की, आपल्या सांगलीच्या आयर्विन पुलावर उभं राहून खाली बघा. बांधाला उतार असतोच, म्हणून पुढं कशालाही तिरपं करणं म्हणजे बँक करणं झालं. विमान वळताना एका अंगाला कलतं त्यालाही बँकच म्हणतात. तर तुमच्या पोरीच्या पुस्तकातलं बँकिंग ह्या नदीकाठाच्या घरातलं, पैशाच्या घरातलं नव्हे.

पैशाची बँक आली इटलीतनं. तिथले सराफ बाजारात बाकडं मांडून बसायचे, नाणी मोजून अदलाबदल करायचे. बाकड्याला इटालियनमध्ये बांका, तेच फ्रेंचमधनं इंग्रजीत गेलं. सिएना गावातली १४७२ सालची बँक अजून चालू आहे. दिवाळखोराला इंग्रजीत बँकरप्ट म्हणतात ते पण इटालियन बांका रोत्ता, म्हणजे मोडलेलं बाकडं. सराफ बुडाला की लोक खरंच त्याचं बाकडं फोडायचे ही गोष्ट मात्र नंतर रचलेली असावी, मी वर्गात कधी खरी म्हणून सांगितली नाही.

आता खरी गंमत. अजून मागं गेलं की जुन्या जर्मन कुळातल्या भाषांत दोन्ही वाटा एकाच शब्दाला जाऊन मिळतात. बेंच हा इंग्रजी शब्दही त्याच घरातला. आणि आपल्या शाळेतला बाक? तो पोर्तुगीजांच्या बांको वरनं मराठीत आलाय, पगार, चावी, पाव, बटाटा आले तसाच. म्हणजे पोरगी ज्या बाकावर बसून बँकिंग शिकतीय तो बाक आणि बँक सख्खी भावंडं आहेत. मला हे नोकरीला लागल्यावर कळलं, त्या दिवशी वर्गातल्या बाकावर हात फिरवून बघितलेला आठवतंय.

मिरज_जंक्शन:
कृष्णाकाठ माईंनी सांगितलेल्या उताराच्या अर्थाला माझी एक भर. आयुष्य रेल्वेत गेलं. आमच्यात बँकर म्हणजे पैसेवाला नव्हे, बँकर म्हणजे मागनं ढकलणारं इंजिन. मुंबईहून मिरजेकडं गाडीनं येताना कर्जतला गाडी थांबते, मागं इंजिनं लागतात आणि लोणावळ्यापर्यंत ढकलत आणतात. बोरघाटाचा चढ १ ला ३७ आहे, म्हणजे ३७ मीटर पुढं गेलं की १ मीटर वर, रेल्वेच्या मानानं हे फार झालं, पुढचं इंजिन एकटं कसं ओढणार. रेल्वेत चढाला बँक म्हणायची इंग्रजांची पद्धत, म्हणून चढावर ढकलतो तो बँकर. पोरीला सांगा पुढच्या खेपेला कर्जतला जागी राहून बघ, मागनं हळूच धक्का बसला की समजायचं बँकर लागला.

कुपवाड_वायरमन:
आमच्या कारखान्यात कॅपॅसिटर बँक आहे, म्हणजे वीज साठवणारे कॅपॅसिटर एकत्र जोडलेले, पॉवर फॅक्टर सुधारायला, म्हणजे घेतलेली वीज नीट कामी यावी म्हणून. ती पैशाची का नदीची?

कृष्णाकाठ:
@कुपवाड_वायरमन दोन्ही नव्हे भाऊ, ती वल्ह्यांची. जुन्या जहाजांत वल्ही मारणारे बाकांवर रांगेनं बसायचे, त्या बाकाला फ्रेंचमध्ये बांक. तिथनं वल्ह्यांची रांग, मग कशाचीही रांग, स्विचांची नाहीतर कॅपॅसिटरांची. ब्लड बँक मात्र पैशाच्या बँकेवरनंच, भरायचं आणि लागेल तेव्हा काढायचं. ते नाव १९३७ ला शिकागोच्या एका हॉस्पिटलात पडलं.

मार्केटयार्ड:
हळदपेठवाले, तुम्ही अडतीवर बसता म्हणता मग उत्तर तुमच्या बुडाखालीच आहे की. आपण दुकानाला पेढी म्हणतो, पेढी म्हणजे मूळात बसायची उंच जागा, पीठ, पीढं ह्या घरातला शब्द. सराफाची पेढी, सावकाराची पेढी. इटलीत बाकड्यावरनं बँक झाली, आपल्याकडं बैठकीवरनं पेढी झाली, कुणी कुणाचं बघून केलं नाही. आणि दिवाळं निघालं हा शब्द पण बघा, बुडालेला व्यापारी दारात भरदिवसा दिवा लावायचा असं जुनी माणसं सांगतात. तिकडं बाकडं मोडलं, इकडं दिवा लागला.

हळदपेठ_सांगली:
सगळ्यांचे मनापासून आभार, माईंचे विशेष. सगळं पोरीला वाचून दाखवलं. तिनं वहीत वळणाच्या आकृतीखाली नदीचा काठ काढलाय. बाक आणि बँकेचं ऐकून म्हणाली मग काठाला पण इंग्रजीसारखे दोन-तीन अर्थ आहेत की, साडीचा काठ, पातेल्याचा काठ, कृष्णेचा काठ, हे तिघं एका घरातले का? माई, ह्याच्यावर पण लिहा सवडीनं. रविवारी तिला पेढीवर घेऊन येतोय, तिथं अजून आजोबांच्या वेळची गादी आहे, बघायची म्हणतीय.