बी विंग गच्चीची चावी – अर्जंट

बी-७०२: तिसऱ्यांदा विचारतेय. बी विंगच्या गच्चीची चावी नक्की कोणाकडे आहे? वर पाणी तुंबलंय, आमच्या हॉलच्या पंख्यातून ठिबकतंय. मेन स्विच बंद करून बादली लावून बसलेय.

सेक्रेटरी: मॅडम, वॉचमनला पाठवलंय. चावी ए-२०३ काकांकडे आहे.

बी-१०४: कुलूप तोडा.

ए-२०३ काका: चावी सुखरूप आहे. ड्रेसिंग टेबलाच्या खालच्या ड्रॉवरमध्ये. ड्रॉवर अडकलाय. पावसाळ्यात दरवर्षी धरतो. प्रयत्न चालू आहेत.

बी-७०२: काका, तुम्ही खजिनदारपद सोडलंत ना? मग चावी अजून तुमच्या ड्रेसिंग टेबलात कशी?

ए-२०३ काका: चार्ज घ्यायला कोणी आलं असतं तर दिला असता. निरोप पाठवून थकलो. असो.

सेक्रेटरी: तो विषय मीटिंगमध्ये घेऊ 🙏

सी-३०५ काकू: फटीतून खोबरेल तेल सोडा. आमच्या कपाटाला आम्ही तेच करतो.

ए-४०२: काकू, लाकडाला तेल नको. ते पितं, वर धूळ चिकटून चिखल होतो. काका, आधी ओढणं थांबवा. जुनं सागवानी आहे ना, चॅनेल (धातूची सरकपट्टी) नसलेलं?

ए-२०३ काका: अस्सल सागवान. वडिलांनी गिरगावच्या खोलीत सुतार बसवून करून घेतलं. हल्लीच्या भुशाच्या फर्निचरसारखं नाही.

सी-५०१: भुशाच्या म्हणजे कोणाच्या? गेल्या महिन्यात आमच्याकडे चहा पिताना तर "वा, छान केलंय" म्हणालात.

बी-१०४: कुलूप तोडा. दोनशे रुपयांचं कुलूप आहे.

सेक्रेटरी: दोनशेचं नाही. कमिटीत ठराव करून घेतलंय.

ए-४०२: काका, दमट हवेत लाकूड त्याच्या अंगच्या रेषांच्या आडवं फुगतं, लांबीत जवळजवळ नाहीच. म्हणून ड्रॉवरच्या बाजूच्या फळ्या उंचीला वाढतात आणि वरच्या पट्टीला घासतात. त्यात एकाच मुठीने ओढलं की तो तिरका होऊन आणखी घट्ट बसतो. वरचा ड्रॉवर अख्खा बाहेर काढा. मध्ये फळी नसेल तर आत टॉर्च मारून बघा. खूपदा लाकडाचा दोषच नसतो, आतलं काहीतरी उभं राहिलेलं असतं.

ए-२०३ काका: काढला. फळी नाही. सौ.चा पावडरचा डबा असणार.

ए-२०३ काकू: माझा डबा नाही. सोसायटीची व्हाउचरं कोंबलीत ह्यांनी त्यात. ओल धरून फुगलीत. सगळ्यात वरची फाइल पट्टीला टेकलीय.

सेक्रेटरी: कोणती व्हाउचरं?

ए-२०३ काकू: २०१९ लिहिलंय.

सेक्रेटरी: काका, ती गहाळ झाली म्हणून आपण ऑडिटरला लेखी दिलंय.

ए-२०३ काका: गहाळ म्हणजे हाताशी नव्हती. शब्दांचा कीस काढू नका, इथे माझी बोटं चेपतायत.

बी-७०२: दुसरी बादली लावली.

बी-१०४: कुलूप तोडा!! तिसऱ्यांदा लिहितोय, कोणी वाचतंय का?

ए-४०२: स्टीलची फूटपट्टी घालून फाइल खाली दाबा. तेवढ्यात काकूंनी हेअर ड्रायर मंद ठेवून बाजूच्या फळ्यांवर फिरवावा, एका जागी धरायचा नाही. मग दोन्ही मुठी धरून, ड्रॉवर थोडा खाली दाबत, डावी-उजवी सारखी ओढ द्या.

सी-५०१: दादा, आमचा टेलिस्कोपिक चॅनेलवाला पण अडकतो. भुसाच आहे, पण विचारते.

ए-४०२: त्याला हे लागू नाही ताई. ड्रॉवर पूर्ण ओढा, दोन्ही चॅनेलवर काळ्या प्लास्टिकच्या पट्ट्या दिसतील. बहुतेक चॅनेलना एक वर आणि दुसरी खाली दाबली की ड्रॉवर हातात येतो. आतले केस, धूळ काढा, सैल स्क्रू आवळा. बोर्डच पाणी पिऊन फुगलं असेल तर मात्र ते परत बसत नाही.

सी-३०५ काकू: फी किती घेता हो? 😄

ए-४०२: मोदक. दोन आकडी.

ए-२०३ काका: निघाला!! चावी मिळाली. वॉचमनला पाठवा. रजिस्टरवर सही केल्याशिवाय देणार नाही.

ए-४०२: फळीवर जिथे चकचकीत पट्टा पडलाय तिथेच घासतंय. तिथे आणि खालच्या सरकपट्ट्यांवर पांढरी मेणबत्ती घासा. रंधा आत्ता अजिबात नको. आज मापात केलात तर ऑक्टोबरच्या उन्हात सुकून खुळखुळेल. पॉलिश पेपर मारायचाच तर दिवाळीनंतर.

सेक्रेटरी: व्हाउचरं संध्याकाळी ऑफिसमध्ये आणून द्यावीत, ही विनंती.

ए-२०३ काका: पोच द्या, मग आणतो.

बी-७०२: वॉचमन वर जाऊन आला. पाइपाच्या जाळीवर थर्माकोलच्या प्लेटींचा थर होता, काढल्यावर पाणी उतरतंय. चावी ड्रॉवरमध्ये आणि ड्रॉवर बंद, तर मग वर जेवलं कोण?

सी-३०५ काकू: महाराष्ट्रात थर्माकोलच्या प्लेटींवर २०१८ पासून बंदी आहे ना?

बी-१०४: थर्माकोल नव्हता काकू, कागदी होत्या.

बी-१०४: हा मेसेज डिलीट केला गेला

बी-७०२: वाचला आम्ही.