मामी गेल्यावर मामा फार एकटे पडलेत, त्यांना मैत्र कसं मिळेल? मदत हवी आहे

माझे मामा ७४ वर्षांचे आहेत. मामी जाऊन चौदा महिने झाले. तब्येत ठणठणीत आहे, स्वतःचं सगळं स्वतः करतात, पैशांची विवंचना नाही. पण माणूस दिवसेंदिवस मिटत चाललाय आणि मला ते बघवत नाही. तुमच्यापैकी कोणी घरातल्या वडीलधाऱ्यांना यातून बाहेर येताना पाहिलं असेल तर कृपया सविस्तर लिहा.

आठवड्यातून एकदा तरी त्यांचा फोन येतो, टीव्हीचा रिमोट बिघडलाय म्हणून. मी जाते. रिमोट व्यवस्थित चालत असतो. मी काही बोलत नाही, सेल काढून पुन्हा घालते आणि तासभर बसते. निघताना ते जिन्यापर्यंत येतात आणि नेमका तिथे नवा विषय काढतात. मी अजून पाच मिनिटं थांबावं, एवढंच त्यात असतं.

सगळी नाती मामीने सांभाळली होती. तिची फोन नंबरांची वही परवा मी चाळली. मामांच्या ऑफिसातल्या मित्रांचे नंबरसुद्धा तिच्याच अक्षरात आहेत आणि प्रत्येकापुढे बारीक नोंदी: कोणाची मुलगी कुठे दिली, कोणाचं डोळ्याचं ऑपरेशन कधी झालं. नंबर ती लावायची, दोन वाक्यं बोलायची आणि मग फोन मामांच्या हातात द्यायची. मामांनी स्वतःहून मित्राला फोन लावल्याचं मला तरी आठवत नाही. तिच्याबरोबर त्यांचा सगळा गोतावळा गेला, हे माझ्या लक्षात यायला सहा महिने लागले.

आम्ही काय काय केलं ते सांगते. नवा फोन घेऊन दिला, व्हॉट्सॲप शिकवलं. आता दिवसभर संदेश येतात, ते वाचतात आणि फोन पालथा ठेवतात. मग ज्येष्ठांच्या एका गटात नाव घातलं. तीन वेळा गेले, चौथ्यांदा नाही म्हणाले. मी खोदून विचारलं तेव्हा म्हणाले, "सगळे हसले की मी हसतो. कशाला हसले ते मला कळलेलं नसतं." हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही.

आता घरातला वाद. मावशी (मामीचीच सख्खी बहीण) म्हणाली, की त्यांना कोणी सोबतीण मिळाली तर बघायला काय हरकत आहे? मामेभाऊ उसळला. आईला जाऊन दीड वर्षही नाही झालं, बाबांना चार मित्र मिळाले की पुरे, असं त्याचं म्हणणं. तोही दुःखातच आहे, त्याला दोष देत नाही. पण हे सगळं बोलणं चाललं तेव्हा मामा आतल्या खोलीत होते आणि त्यांना काय हवंय ते आमच्यापैकी एकानेही विचारलं नाही.

मी थोडं वाचलं. रॉबर्ट वाइस या समाजशास्त्रज्ञाने १९७३ साली एकटेपणाचे दोन प्रकार सांगितले होते. एक, ज्याला आपलं म्हणावं असं जिवाभावाचं माणूस नसण्याचा. दुसरा, मित्रमंडळ, ओळखीपाळखी नसण्याचा. एकाची भरपाई दुसऱ्याने होत नाही, असं त्याचं म्हणणं. ते वाचल्यावर वाटलं, मावशी आणि मामेभाऊ दोन वेगळ्याच पोकळ्यांबद्दल भांडतायत आणि मामांना दोन्ही आहेत.

दुसरी गोष्ट मैत्रीला लागणाऱ्या वेळाची. जेफ्री हॉल यांच्या २०१८ च्या अभ्यासात तोंडओळखीचं साध्या मैत्रीत रूपांतर व्हायला साधारण ५० तास आणि जवळच्या मैत्रीला २०० हून जास्त तास एकत्र घालवावे लागतात, असं दिसलं होतं. अभ्यास तरुणांचा आणि नव्या गावात आलेल्यांचा होता, मामांना तो आकडा तसाच्या तसा लावत नाही. पण तीन बैठका म्हणजे जेमतेम सहा तास. तेवढ्यावर "जमलं नाही" असा निकाल आम्ही लावून टाकला होता.

मला विचारायचंय ते असं. पुढाकार घ्यायची सवयच नसलेल्या माणसाला पहिलं पाऊल कसं टाकायला लावायचं? आपण किती ढकलायचं आणि कुठे हात काढून घ्यायचा? आणि सोबतिणीचा विषय त्यांच्याशी कसा काढावा, की त्यांनी काढेपर्यंत थांबावं?

प्रतिसाद

ताई, सगळ्यात आधी कान तपासून घ्या. "कशाला हसले ते कळत नाही" हे माझे वडीलही म्हणायचे आणि आम्ही ते मनाला लावून घेतलं होतं. वयामुळे ऐकू कमी येतं तेव्हा बहुतेकदा उंच पट्टीचे आवाज आधी जातात. त्यामुळे बोलणं सुरू आहे हे कळतं, शब्द सुटे होत नाहीत, आणि चारजण एकदम बोलले की सगळा गलका होतो. घरात समोरासमोर ठीक ऐकू येतं, म्हणून घरच्यांना शंकाही येत नाही. श्रवणयंत्र लावलं तरी मेंदूला सरावायला काही आठवडे जातात. पहिल्या दिवशी कटकट वाटली म्हणून ते कपाटात जाऊ देऊ नका.

तोवर गट नको. एकच माणूस, शांत जागा, ठरलेला वार. वार ठरलेला असला की दर वेळी "भेटूया का" हे विचारावं लागत नाही, आणि अशा माणसांचं घोडं तिथेच अडतं. जमल्यास त्यांच्याकडून कोणाचं तरी काम होईल असं बघा. माझे वडील गप्पा मारायला कुठेही गेले नसते, पण शेजारच्या मुलाला गणित शिकवायला मात्र वेळेच्या आधी तयार असायचे.

एक सावधगिरी. झोप, भूक उडाली असेल, जगण्यात राम नाही अशी भाषा येत असेल, तर मैत्रीची वाट बघू नका, डॉक्टरांना दाखवा. शोक वर्षभरानंतरही तितकाच तीव्र राहून रोजचं जगणं अडवत असेल तर त्याला २०२२ पासून अमेरिकन मनोविकार वर्गीकरणात वेगळं निदान आहे आणि त्यावर उपचार आहेत. आणि सोबतीण शोधायला कोणी त्यांना ऑनलाइन बसवणार असेल तर एवढं नक्की सांगून ठेवा: प्रत्यक्ष न भेटलेलं माणूस पैसे मागू लागलं की तिथेच थांबायचं. एकट्या माणसांना हेरून फसवणारे भरपूर आहेत.

सोबतिणीबद्दल: त्यांनाच विचारा, पण मुलाच्या देखत नको.

धागाकर्तीचं उत्तर

मनापासून आभार. कानांचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. टीव्हीचा आवाज किती मोठा असतो ते आज मुद्दाम पाहिलं, आणि गेल्या वर्षभरात मी स्वतः त्या घरात चढ्या आवाजात बोलायला लागलेय हेही जाणवलं. तपासणीची वेळ घेतली आहे. झोप आणि भूक ठीक आहे, पण तिथे डॉक्टरांशी त्याबद्दलही बोलेन.

काल वही घेऊन त्यांच्याजवळ बसले. त्यांना म्हटलं, "मामा, यातल्या कोणाचा आवाज ऐकावासा वाटतो?" बराच वेळ पानं उलटली. मामीचं अक्षर बघत होते की नावं, कोण जाणे. मग एका नावावर बोट ठेवलं. ते गृहस्थही तीन वर्षांपूर्वी एकटे पडलेत, हे वहीत मामीनेच लिहून ठेवलं होतं. नंबर मी सांगितला, लावला मामांनीच. स्पीकर मोठा करून दिला आणि मी बाहेर गेले. बावीस मिनिटं बोलले.

सोबतिणीचंही विचारलं, रात्री, दोघंच असताना. रागावले नाहीत. "आत्ता नको. पण विचारलंस हे बरं केलंस," एवढंच म्हणाले. मावशीला आणि मामेभावाला हेच शब्द कळवलेत.

गुरुवारी मामा त्या मित्राकडे जाणार आहेत. मला म्हणाले, तू चल. पहिल्या वेळेला सोबत बसू, की दारापर्यंत सोडून परत येऊ? मी बसले तर दोघांच्या मधे मामीसारखी मीच बोलत राहीन अशी भीती वाटते. तुम्ही काय केलं असतं?