वस्ताद कुणाचा पठ्ठ्या, हे विचारायचं की नाही?

फरीगदका
आमच्या गल्लीतल्या एका वहिनींनी परवा विचारलं, "मुलीला लाठी-पट्ट्याच्या मर्दानी खेळाला घालायचंय, क्लास कुठला चांगला?" मी म्हटलं, "शिकवणारे वस्ताद कुणाच्या हाताखाली तयार झालेत, ते आधी विचारा." त्यांना माझं बोलणं जुनाट वाटलं. "सर्टिफिकेट आहे की त्यांच्याकडं," म्हणाल्या.

२०२४ मध्ये दांडपट्ट्याला राज्यशस्त्राचा मान मिळाला, त्याचा मला मनापासून आनंद झाला. पण पट्टा गरागरा फिरवता आला म्हणजे खेळ आला, असं नाही.

मी नववीत असताना तालमीत जायला लागलो. पहिले कित्येक महिने हातात काठीसुद्धा नव्हती, फक्त पवित्रा, म्हणजे पाय रोवून उभं राहायची ठेवण. एकदा वस्ताद मागून आले आणि माझ्या पुढच्या पायाच्या टाचेखाली चिंचोका ठेवला. टाच टेकली की टोचायचा. का ठेवला ते सांगितलं नाही. पुढं फरी-गदका (छोटी ढाल आणि काठी) खेळताना समोरच्यानं पायाच्या नळीवर वार काढला आणि पाय आपोआप मागं आला, तेव्हा कळलं. हा चिंचोका त्यांच्या वस्तादांनी त्यांच्या टाचेखाली ठेवला होता. व्हिडिओत पवित्रा दिसतो, चिंचोका दिसत नाही. म्हणून मी परंपरा विचारतो आणि विचारत राहणार.

मंगळवारपेठ
भावा, चिंचोका पटला, परंपरेचं नाही पटलं.

पैलवान खाशाबा जाधवांचंच बघ. वडील दादासाहेब स्वतः पैलवान, त्यांनी लहानपणी मातीत उतरवलं. नंतर कराडला टिळक हायस्कूल, मग इथं कोल्हापुरात राजाराम कॉलेज, गोविंद पुरंदरेंचं मार्गदर्शन. १९४८ ला लंडन ऑलिंपिकला ते पहिल्यांदा मातीऐवजी गादीवर (मॅटवर) लढले, तिथं रीस गार्डनर नावाच्या अमेरिकन माणसानं तयारी करून घेतली. सहावे आले. १९५२ ला हेलसिंकीत कांस्य. यात एक घराणं दाखव मला. ज्याच्याकडं जे होतं ते त्यांनी घेतलं. 'आमच्या वस्तादाबाहेर शिकायचं नाही' म्हणत बसले असते तर लाल मातीतला माणूस गादीवर टिकला असता का?

फरीगदका
पण बघ ना, प्रत्येक टप्प्यावर कुणी शिकवलं हे तुला आज, इतक्या वर्षांनीसुद्धा सांगता आलं. मी तेवढंच मागतोय. एकच घराणं पाहिजे असं मी कुठं म्हटलं?

करवीरची_लेक
दादा, तुम्ही चांगल्या वस्तादांकडे शिकलात म्हणून असं बोलता. माझं ऐका.

मी सातवीत होते. भावाबरोबर एका आखाड्यात गेले. त्याला आत घेतलं, मला दारातच सांगितलं, "आमच्या परंपरेत मुली नाहीत." ज्या गावात ताराराणींचा पुतळा आहे त्या गावात! मी रोज बाहेरच्या कट्ट्यावर बसून बघायचे आणि रात्री घराच्या गच्चीवर भावाकडून तेच करून घ्यायचे. शेवटी मला शिकवलं ते एका सरांनी. ते स्वतः तीन-चार ठिकाणी थोडं थोडं शिकलेले. त्यांच्यामागं कुणा वस्तादाची परंपरा नव्हती. पण लाठीचा प्रत्येक हात ते आधी हळू करून दाखवायचे, मग आमच्याकडून मुद्दाम चूक करून घ्यायचे, म्हणजे चूक झाल्यावर कुठं लागतं ते कळावं. आज माझ्याकडं ११ मुली शिकतात. त्यांच्या आयांनी माझी परंपरा विचारली तर मी काय सांगू? दार बंद होतं, एवढीच माझी परंपरा.

पट्टेकरी
ताई, तुमच्याशी झालं ते चूकच, त्याला परंपरेचा आधार देणं त्याहून चूक.

तरी पट्ट्याच्या बाबतीत मी फरीगदकांच्या बाजूला आहे. तलवारीत मनगट फिरतं. पट्ट्यात हात कोपरापर्यंत खोबळ्यात (मुठीच्या धातूच्या आवरणात) जातो, मनगट बांधलं जातं. सगळी फेक खांद्यातून आणि कमरेतून काढावी लागते, वर पातं लवलवतं. बघून बघून शिकलेली पोरं मनगटानं ओढायला जातात आणि दोन महिन्यांत खांदा धरून बसतात. लिंबू काढणीला जमिनीवरची लिंबं कापताना कंबर किती खाली जाते ते बाजूला उभं राहून, पाठीवर हात ठेवूनच शिकवता येतं. असा हात ज्याच्या पाठीवर कधी पडलाच नाही, तो दुसऱ्याच्या पाठीवर काय ठेवणार?

गंगावेस_८६
पाठीवरच्या हाताचं मी पण सांगतो. माझे वस्ताद मोठ्या नावाचे, चार पिढ्यांची परंपरा. गदक्याचा फटका बोटावर बसला, हातात काही बांधलेलं नव्हतं. म्हणाले, "आम्ही पण असंच शिकलो, पुढं खेळ." उजव्या हाताची करंगळी आजही पूर्ण मिटत नाही. चार पिढ्यांत एकानंही बोटांवर कापड गुंडाळायचा विचार केला नसेल तर ती चूकच चार पिढ्या चालत आली म्हणायची.

फरीगदका
हे वाचून दोन दिवस काही लिहिलं नाही.

ताई, तुम्ही त्या मुलींना तुमच्या सरांचं नाव सांगा, गच्चीवरच्या भावाचं सांगा, कट्ट्याचंही सांगा. माझ्या लेखी ती परंपराच आहे, आणि माझा प्रश्न तुमच्यासारखीला बाहेर ठेवत असेल तर मी तो चुकीचा विचारत होतो. गंगावेस, माझ्या वस्तादांनाही मी 'का' विचारायला घाबरायचो, हे लिहायचं राहिलं होतं.

वहिनींना आता सांगितलंय की नाव विचाराच, पण आधी तासभर बाहेर बसून बघा. पोरगीनं "असं का?" विचारल्यावर वस्ताद काय करतात ते बघा. रविवारी मी त्यांच्यासोबत जातोय.

मंगळवारपेठ
नाव नाही विचारलं तरी चालतंय, हे माझं मत तसंच आहे. तास बघणं मात्र पटलं.

पट्टेकरी
मुलगी किती वर्षांची? लहान असेल आणि पहिल्याच दिवशी हातात पट्टा देत असतील, तर तिला घेऊन उठून या. आधी लाठी.