मदत हवी आहे: डेकखालच्या ऑटोपायलटला २०० मिमीचा टिलर आर्म (रडर म्हणजे सुकाणू फिरवणारा आखूड दांडा) पुरेल का?

बोट ११ मीटरची, फायबरग्लासची, सामानासकट ७.५ टन. चाकाचं स्टीअरिंग, केबल आणि क्वाड्रंट (केबल ओढून रडर फिरवणारी चाकाच्या तुकड्यासारखी कमान). रडर स्टॉक (रडरचा उभा दांडा) ५० मिमी, स्टेनलेस. ऑटोपायलटचा ड्राइव्ह १२ व्होल्टचा, लिनियर (सरळ रेषेत आत-बाहेर सरकणारा रॅम), स्ट्रोक ३०० मिमी.

क्वाड्रंटलाच जोडा, असं कृपया सुचवू नका. तो केबलच्या ओढीसाठी बनवलेला असतो. एकाच भोकावर रॅमचे धक्के बसले की तडकू शकतो, आणि मग चाक आणि ऑटोपायलट दोन्ही एकदम जातात. म्हणून स्टॉकवर वेगळा आर्म.

अडचण जागेची. प्लायवूडचा २५० मिमीचा नमुना लावून पाहिला: २८ अंशांवर डावीकडे स्ट्रिंगरला (बोटीच्या सांगाड्याच्या लांब आडव्या पट्टीला) टेकतो. स्ट्रिंगर कापणार नाही. क्वाड्रंटच्या वर जेमतेम ४० मिमी जागा आहे, त्यात क्लॅम्प बसत नाही. २०० मिमीचा आर्म मात्र ३५ अंशांपर्यंत मोकळा फिरतो, आणि दोन्ही बाजू मिळून स्ट्रोक सुमारे २३० मिमीच लागतो. म्हणजे रॅम टोकाला आपटण्याआधी रडर स्टॉप (रडरला ठरावीक कोनावर अडवणारे ठोकळे) लागतात, हे उत्तमच. पण रॅमच्या तेवढ्याच जोराला (थ्रस्टला) रडर फिरवणारा टॉर्क २५० मिमीच्या मानाने वीस टक्के कमी मिळणार, आणि मागून मोठी लाट आली की नेमकं तिथेच नडेल.

मध्यावर रॅम आणि आर्म काटकोनात बसतात, रॅमचा पाया ज्यावर बसतो ते बल्कहेड (बोटीतली आडवी भिंत) मजबूत केलंय. वायरिंग, कंपास, रडर सेन्सर यांचा प्रश्न नाही.

२०० मिमीवर एक साइझ मोठा ड्राइव्ह घ्यावा, की २५० ठेवून स्टॉप २७ अंशांवर आणावेत? तेवढ्या रडरवर बंदरात बोट नीट वळते का?