झिरो खोऱ्यात जायचे आहे: हंगाम, वाट आणि गावातली रीत याबद्दल मार्गदर्शन हवे

माधवी_पुणे

नमस्कार. अरुणाचल प्रदेशातल्या झिरो खोऱ्यात जाण्याचे आमच्या घरी बरेच दिवस चालले आहे आणि पुढच्या वर्षी ते प्रत्यक्षात आणायचे ठरले आहे. बरोबर माझी सत्तरी ओलांडलेली आई आणि वनस्पतिशास्त्र शिकणारी मुलगी असेल. तिथल्या आपातानी जमातीची भातशेती, त्यांची गावे आणि जवळचे टॅले अभयारण्य यांसाठी आम्ही जात आहोत. चौकशी केली तेव्हा बहुतेक सहल कंपन्यांनी झिरोला जेमतेम एक रात्र दिलेली दिसली, आणि एका कार्यक्रमपत्रिकेत तर ‘चेहरा गोंदलेल्या वृद्ध स्त्रियांसोबत छायाचित्रे’ असे एका ठिकाणाचे वर्णन होते. ते वाचून मन खट्टू झाले, म्हणून आम्ही स्वतःच आखणी करत आहोत. कोणत्या महिन्यात जावे, आईला प्रवास झेपेल का, ती शाकाहारी असल्याने जेवणाची सोय कशी होईल आणि गावात वावरताना काय पाळावे, हे जाऊन आलेल्यांनी कृपया सविस्तर सांगावे.

डोंगरवाट

माधवीताई, आधी परवान्याचे. राज्याबाहेरच्या भारतीय नागरिकांना अरुणाचलमध्ये शिरण्यासाठी इनर लाइन परमिट लागते. ते ऑनलाइन मिळते, तरी प्रत्येकाच्या दोन छापील प्रती जवळ असू द्याव्यात, कारण तपासणी नाक्यावर मोबाइलला रेंज असेलच असे नाही. पुण्याहून गुवाहाटीपर्यंत विमानाने जावे आणि तिथून रात्रीच्या डोनी पोलो एक्स्प्रेसने सकाळी इटानगरलगतच्या नाहरलगुन स्थानकावर उतरावे, हे आईंच्या दृष्टीने सर्वांत कमी दगदगीचे ठरेल. इटानगरजवळ होलोंगी येथे २०२२ पासून विमानतळही सुरू झाला आहे. नाहरलगुनहून झिरोपर्यंत सुमारे शंभर किलोमीटरचा घाटरस्ता आहे आणि त्याला चार तास तरी धरावेत. लोक सहसा सामाईक सुमोने जातात, पण त्यात दाटीवाटीने बसावे लागते. गुडघ्यांचा त्रास असेल तर पूर्ण गाडी ठरवावी आणि वाटेत पोतीन किंवा याझालीला थांबून पाय मोकळे करावेत.

काळाबद्दल माझे मत सप्टेंबर-ऑक्टोबरच्या बाजूने आहे. भात पिवळे पडू लागलेले असते, पाऊस ओसरत असतो आणि उंची दीड हजार मीटरच्या वर असल्याने हवा सुखद असते. मात्र सप्टेंबरच्या शेवटी तिथे संगीत महोत्सव भरतो, तेव्हा खोलीही मिळत नाही आणि गावकऱ्यांना बोलायला सवडही नसते. तुमचा हेतू पाहता ते दिवस टाळावेत. जानेवारीत कडाक्याची थंडी असते, पहाटे शेतात दव गोठते.

भाषेची अडचण येणार नाही. अरुणाचलमध्ये हिंदी सर्रास बोलली जाते. वेगवेगळ्या जमातींचे लोक आपसांतही तीच वापरतात.

भातखाचर

शेती हे तुमच्या भेटीचे मुख्य कारण आहे हे वाचून बरे वाटले. झिरोत येणारे बहुतेक लोक टेकडीवरून खोऱ्याचे छायाचित्र घेतात आणि परततात. शेत काय आहे हे बांधावर उतरल्याशिवाय कळत नाही.

आपातानी शेतकरी एकाच खाचरात भात आणि मासे दोन्ही घेतात. खाचराच्या मधोमध किंवा कडेने एक खोलगट चर काढलेला असतो. पाणी कमी केले की मासे त्या चरात गोळा होतात, पुन्हा पाणी भरले की भाताच्या बुडख्यांतून हिंडू लागतात. एका खाचरातून दुसऱ्यात पाणी सोडायला बांधात बांबूची किंवा लाकडाची नळी बसवलेली असते आणि मासा निसटू नये म्हणून तिच्या तोंडाशी काड्यांची चाळणी लावतात. त्या नळीपाशी पाच मिनिटे उभे राहिलात तर पाणी किती हिशेबाने फिरवले जाते ते दिसते. बांध चांगले रुंद असतात आणि त्यांच्यावर नाचणी लावतात, म्हणजे बांधाची मातीही धरून राहते आणि एक पीकही पदरात पडते. कोकणात नाचणी वरकस जमिनीवर पाहिलेल्या माणसाला ती अशी भाताच्या पाण्याला लागून डोलताना पाहून नवल वाटते. शेतीच्या परंपरेत नांगर नाही, बैल नाही. सगळी मेहनत हाताची, आणि त्यातही स्त्रियांचा वाटा मोठा. मानववंशशास्त्रज्ञ फ्यूरर-हायमेनडॉर्फ १९४४-४५ मध्ये इथे राहिले होते, तेव्हाही खोऱ्याचा तळ असाच काटेकोरपणे कसलेला होता.

या शेतीचा जीव आजूबाजूच्या जंगलात आहे. सपाट जमीन भातासाठी राखलेली, तिच्या कडेला बांबूची आणि निळ्या पाइनची लावलेली बने, त्यांच्यावर कुळांच्या मालकीची राने आणि गावाची सामाईक जंगले. कोणाचे झाड कुठे तोडायचे हे रूढीने ठरलेले असते आणि तंटा झालाच तर बुलियांग ही गावाची पारंपरिक सभा तो सोडवते. डोंगरावरचे रान टिकले म्हणून ओढे वाहतात आणि ओढे वाहतात म्हणून खाचरे भरतात. ‘आपातानी सांस्कृतिक भूप्रदेश’ २०१४ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आहे, तो या संपूर्ण व्यवस्थेसाठी. म्हणूनच माझे स्पष्ट मत आहे की एका रात्रीत झिरो पाहू नये. एका गावात मुक्काम करावा, घरच्या माणसासोबत शेतावर जावे, दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच बांधांवरून चालावे.

आता त्या वृद्ध स्त्रियांविषयी. चेहऱ्यावरचे गोंदण आणि नाकपुड्यांत घातलेल्या काळ्या चकत्या ही प्रथा १९७० च्या दशकात बंद झाली, त्यामुळे ती आता फक्त वयस्कर स्त्रियांमध्ये दिसते. शेजारच्या टोळ्यांनी पळवून नेऊ नये म्हणून स्त्रियांना मुद्दाम विद्रूप केले जाई, ही कथा प्रवासी एकमेकांना सांगतात. पण हे गोंदण आपातानी असल्याची खूण आणि शोभाही होती, असे सांगणाऱ्या आजीही भेटतात. त्यांच्याजवळ बसावे, हालहवाल विचारावी. छायाचित्र घ्यायचेच असेल तर घरच्या माणसांमार्फत आधी विचारावे आणि नकार आला तर विषय तिथेच संपवावा. पैसे पुढे करून छायाचित्र घेण्याची सवय प्रवाशांनीच लावली आहे, तिला हातभार लावू नये.

रानपाखरू

‘डोंगरवाट’ यांनी सुचवलेला काळ शेतीसाठी योग्य आहे, परंतु मुलीला टॅलेत झाडे-फुले पाहायची असतील तर मी मार्च-एप्रिल सुचवेन, कारण ऱ्होडोडेंड्रॉन तेव्हा फुलतात. टॅले अभयारण्य झिरोहून साधारण तीस किलोमीटरवर आहे. वाट पांगे या ठिकाणावरून जाते आणि पुढे चालत जावे लागते. उंची वाढेल तसे जंगल बदलत जाते: खाली रुंद पानांचे सदाहरित वृक्ष, वृक्षनेचे आणि ऑर्किड, वर बांबू आणि सूचिपर्णी. लामचित्ता (क्लाउडेड लेपर्ड) या जंगलात राहतो, पण तो दिसेल या आशेवर जाऊ नये. पावसाळ्यात फुलपाखरे भरपूर असतात आणि जळवाही तितक्याच. वनखात्याची परवानगी झिरोतच काढावी लागते आणि स्थानिक वाटाड्या घेणे हिताचे आहे. आजींना पांगेच्या पुढे नेऊ नये. त्या दिवशी त्यांनी गावातच थांबावे, तिथे त्यांचा वेळ कंटाळवाणा जाणार नाही.

एक गोष्ट मात्र आवर्जून सांगतो. तिथून कंद, रोप किंवा ऑर्किडचा तुकडाही आणू नये, अभ्यासासाठी म्हणूनही नाही. नोंद आणि छायाचित्र पुरेसे असते.

माधवी_पुणे

आपणा सर्वांचे मनापासून आभार. मार्चचा विचार पक्का होत आहे. त्या महिन्यात म्योको नावाचा सण असतो असे वाचले. त्यात बळी दिले जातात म्हणून आईला घेऊन जाणे कितपत योग्य ठरेल? आणि जेवणाचे अजून कोणी सांगितलेले नाही.

भातखाचर

म्योको हा मैत्रीचा आणि पाहुणचाराचा सण आहे. यजमानपद गावांच्या तीन गटांमध्ये आळीपाळीने फिरते: एका वर्षी एकटे होंग, एका वर्षी हारी आणि बुल्लाची गावे, एका वर्षी हिजा, दुत्ता, मुदांग तागे, बामिन आणि मिची. पुजारी रात्रभर मंत्रपठण करतात, डुकरांचे बळी दिले जातात आणि अंगणातच मांस कापले जाते. आईंना ते सोसणार नसेल तर यजमान नसलेल्या गावात मुक्काम ठेवावा आणि तुम्ही दोघींनी दिवसा जाऊन यावे. तिथे नाक मुरडणे किंवा तोंड फिरवणे यजमानांना लागते, तेव्हा मनाची तयारी नसेल तर न गेलेले बरे. रक्त पाहायचे नसेल आणि सणही चुकवायचा नसेल, तर ५ जुलैचा द्री हा पर्याय आहे. पिकावरची कीड-रोगराई टळावी म्हणून तो साजरा होतो आणि सार्वजनिक मैदानावर भेटणाऱ्यांना काकडी वाटतात. त्यातही विधी असतात, पण प्रवाशाला दिसतो तो मुख्यतः मेळा. पाऊस मात्र गृहीत धरावा.

जेवणाचे म्हणाल तर हापोली या झिरोतल्या बाजारपेठेच्या ठिकाणी वरण-भात आणि भाजी सहज मिळते. गावातल्या घरी राहणार असाल तर खोली ठरवतानाच मांस, मासे आणि अंडी चालत नाहीत असे तिन्ही शब्द घेऊन सांगावे, कारण पालेभाजीतही मांसाचा तुकडा घालण्याची पद्धत आहे. भात, उकडलेला पाला, बांबूचे कोंब आणि मिरचीची चटणी यांवर आईंचे चांगले भागेल. तरी मेतकूट आणि थोडे तूप बरोबर द्यावे. संध्याकाळी पाचच्या सुमारास अंधार पडू लागतो आणि जेवण लवकर उरकते, हे औषधांच्या वेळा ठरवताना लक्षात ठेवा.