किशोरांच्या व्यसनप्रतिबंधाचा निधी नेमका कशावर खर्च करावा?

प्रश्न :
आमच्या नगरपालिकेने किशोरवयीन मुलांमधील व्यसने रोखण्यासाठी प्रथमच अंदाजपत्रकात स्वतंत्र तरतूद केली आहे. रक्कम मोठी नाही. वर्षअखेरीस शिल्लक परत जाणार असल्याने ती फेऱ्या, व्याख्याने आणि भित्तिपत्रकांवर संपवण्याकडे बहुतेकांचा कल दिसतो. हा पैसा अधिक टिकाऊ कामासाठी कसा वापरता येईल, आणि पुढील वर्षांची सोय कशी करावी?

उत्तर १ :
नुसत्या व्याख्यानांचा प्रभाव फार काळ राहत नाही. अमेरिकेत पोलिसांनी शाळाशाळांतून चालवलेल्या ‘डेअर’ कार्यक्रमाच्या मूळ स्वरूपाबाबत मूल्यमापनांतून हेच दिसून आले. आइसलंडमध्ये मात्र शाळकरी मुलांची नियमित सर्वेक्षणे करून त्यांचे निष्कर्ष स्थानिक पालिका व शाळांच्या हाती दिले गेले, आणि मुलांच्या खेळ-संगीताच्या शुल्कासाठी रेक्याविक शहराने कुटुंबांना अनुदान दिले. मागील महिनाभरात दारूची नशा केल्याचे सांगणाऱ्या १५-१६ वर्षांच्या मुलांचे प्रमाण तेथे १९९८ मध्ये ४२ टक्के होते, ते २०१६ मध्ये ५ टक्क्यांवर आले. (त्या काळात युरोपात इतरत्रही किशोरांचे मद्यपान घटले, त्यामुळे सारे श्रेय एकाच योजनेला देऊ नये.) तुमचा पहिला खर्च सर्वेक्षणावर व्हावा, कारण दुखणे कोठे आहे हे कळण्याआधी औषध देण्यात अर्थ नाही.

उत्तर २ :
पुढील वर्षांबाबत, किशोरांची व्यसने रोखणाऱ्या स्थानिक गटांना मदत देणारी, अमेरिकेच्या १९९७ च्या ‘ड्रग-फ्री कम्युनिटीज’ कायद्याखालील योजना अभ्यासण्याजोगी आहे. तीत स्थानिक गटाला वर्षाला कमाल १,२५,००० डॉलर आणि तेही जास्तीत जास्त दहा वर्षे मिळतात; मात्र तेवढ्याच मूल्याची भर स्थानिकांनी घालावी लागते, आणि हा वाटा सातव्या वर्षापासून वाढतो. स्वयंसेवकांचे तास व मोफत मिळालेली जागाही या भरीत धरली जाते. एक पूर्णवेळ समन्वयक नेमून त्याचे वेतन किमान तीन वर्षांसाठी मंजूर करून घ्या. तो नसला की बाकीचे सारे विस्कटते.

उत्तर ३ :
स्वयंसेवकांचे तास कागदावर फुगवणे फार सोपे असते, तेव्हा लेखापरीक्षणाची तरतूद आधीच करावी.

प्रश्नकर्ता :
सर्वेक्षणाचा प्रस्ताव मांडतो. मुले खरे सांगतील का, ही शंका मात्र सभेत येणारच.

उत्तर १ :
प्रश्नावलीवर नाव, हजेरी क्रमांक काहीही नसावे, आणि भरलेले कागद शिक्षकांच्या हाती न जाता वर्गातच पाकिटात बंद व्हावेत.