माणसं घेताना, माणसं टिकवताना : तुमचे अनुभव सांगा

एचआरमध्ये बारा वर्षं काढली. जागा भरली की आपलं काम संपलं, असं मला पहिली काही वर्षं खरंच वाटायचं. मग एकच खुर्ची दीड वर्षात तीनदा भरावी लागली. तिन्ही वेळा 'उमेदवारात चिकाटी नाही' असं लिहून मी मोकळी झाले. चौथ्या वेळी मात्र अर्धा दिवस त्या टेबलापाशी जाऊन बसले. फोन सतत खणखणणारा आणि पलीकडचा माणूस आधीच भडकलेला. जाहिरातीत आम्ही काय लिहिलं होतं? 'ग्राहकांशी संवाद'! त्या खेपेला मुलाखतीआधी प्रत्येक उमेदवाराला तासभर तिथे बसवलं. पाचांतले दोघे परस्पर घरी गेले. जिला घेतलं ती अजून आहे.

मुलाखती घेणारे, देणारे, सोडून गेलेले, सगळ्यांनी लिहा. कंपनीचं नाव मात्र नको.

---

माणूस पाच मिनिटांत ओळखतो, अशी माझी घमेंड होती. ओळखायचो ते एवढंच, की तो माझ्यासारखं बोलतो की नाही. आता सगळ्यांना तेच सहा प्रश्न, त्याच क्रमाने, आणि आम्ही तिघे आपापले गुण लिहून झाल्याशिवाय एकमेकांशी बोलत नाही. मोकळ्या गप्पांपेक्षा अशा ठरीव मुलाखतीतून पुढच्या कामाचा अंदाज चांगला येतो, हे संशोधनातही दिसलंय. कंटाळवाणं आहे, कबूल. पण प्रत्येक उत्तराआधी बराच वेळ गप्प बसणाऱ्या एका मुलाला मी एरवी दारातूनच परत पाठवलं असतं. आज अडलेलं काम आम्ही त्याच्याकडेच नेतो.

---

राजीनामा दिला आणि दुसऱ्याच दिवशी तीस टक्के वाढ पुढ्यात. म्हणजे कालपर्यंत मी फुकट राबत होते की काय? तरी थांबले. आठ महिन्यांनी पुन्हा राजीनामा दिला, कारण रात्री अकराचे फोन काही थांबले नव्हते.

---

पैशाला इतकीही नावं ठेवू नका. १९१३ साली फोर्डच्या कारखान्यात सुमारे १४ हजार कामगार राखायला वर्षभरात ५२ हजारांवर भरती करावी लागली होती. जानेवारी १९१४ मध्ये आठ तासांची पाळी आणि दिवसाला ५ डॉलर जाहीर झाले, आणि गळती झपाट्याने उतरली. (त्या पाचातला मोठा हिस्सा नफ्यातला वाटा होता, आणि तो द्यायचा की नाही हे ठरवायला कंपनीची माणसं कामगारांच्या घरी जाऊन त्यांची राहणी तपासत. फोर्डचं कौतुक करणारे हे सहसा गाळतात.)

---

पहिले चार दिवस रिसेप्शनच्या सोफ्यावर. लॉगिन नाही, टेबल नाही, आणि साहेब रजेवर. पाचव्या दिवशी मी जुन्या ऑफिसात फोन लावला.

---

एक्झिट इंटरव्ह्यूत, म्हणजे नोकरी सोडताना 'का चाललात' विचारतात त्या मुलाखतीत, कोण खरं बोलणार? अनुभवाचं पत्र अजून हातात पडायचं असतं. सगळे 'घरगुती कारण' म्हणतात. म्हणून आता मी आहेत त्यांनाच दर तीन महिन्यांनी विचारतो, गेल्या काही दिवसांत सोडून जावंसं कधी वाटलं? पहिल्या फेरीत सगळ्यांचं उत्तर एकच, 'छे हो'. दुसऱ्या फेरीत एकजण जरा घुटमळली आणि म्हणाली, "शुक्रवारी संध्याकाळी सहाला तुमचा मेल येतो ना सर, तेव्हा."

तो मेल आता सोमवारी सकाळी जातो.